बल आणि गती यांचे प्रयोगाधारित अध्यापन : घर्षणापासून आरंभ

प्रस्तावना :

न्यूटनचे गतिविषयक तीन नियम महाराष्ट्रातील विद्यार्थी इयत्ता नववीत शिकतो. बालभारतीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पहिलेच प्रकरण 'गतीचे नियम' हे आहे. नियमांची वाक्ये बहुतेक विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात, त्यांवरील गणितेही ते सोडवितात. परंतु एखादा चेंडू सरळ वर फेकला आणि तो हातातून सुटून वर जात असताना त्यावर कोणकोणती बले कार्य करतात असे विचारले, की वर्गातील बरेच हात 'हाताचा जोर वर आणि गुरुत्वाकर्षण खाली' या उत्तरासाठी उंचावतात. चेंडू हातातून सुटल्यानंतर हाताचा त्याच्याशी काहीही संबंध उरलेला नसतो. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर त्यावर एकच बल असते आणि ते खाली असते.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेतील संशोधक जॉन क्लेमेंट यांनी वर फेकलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बहुसंख्य विद्यार्थ्यांनी नाण्यावर वरच्या दिशेने बल दाखविले. पुढे १९९२ साली हेस्टिनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल या संकल्पनेची समज तपासणारी सुमारे तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. गणिते अचूक सोडविणारे विद्यार्थीही साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नांवर अडखळतात, हे या चाचणीमुळे जगभरच्या प्राध्यापकांना मान्य करावे लागले.

प्रस्तुत लेखात या अडचणीचे मूळ शोधण्याचा आणि कोल्हापूर परिसरातील कोणत्याही शाळेत सहज मिळणाऱ्या साहित्यातून तिच्यावर काय उपाय करता येईल हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रयोग करून दाखविला म्हणजे संकल्पना समजली, हे गृहीतक येथे स्वीकारलेले नाही.

'जोर' नावाची कल्पना :

घरंगळणारी गोटी थांबली की मूल म्हणते, 'तिच्यातला जोर संपला.' हे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. त्यात एक पूर्ण सिद्धांत दडलेला आहे. ढकलणाऱ्याने वस्तूत काहीतरी भरले, वस्तू ते खर्च करीत पुढे गेली आणि साठा संपताच थांबली. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदानने फेकलेल्या वस्तूच्या गतीचे स्पष्टीकरण साधारण याच दिशेने केले होते. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचे विवेचन आहे. धनुष्याच्या प्रेरणेने बाणात पहिले कर्म उत्पन्न होते, त्या कर्मातून 'वेग' नावाचा संस्कार निर्माण होतो, तो संस्कार बाणाला पुढे नेत राहतो आणि तो नाहीसा झाला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो, असा तो विचार आहे. कणादांच्या सूत्रांत न्यूटनचे नियम आधीच सांगितलेले आहेत असा मजकूर अलीकडे समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तो खरा नाही, आणि त्यामुळे मूळ विचाराची खरी गंमतही हरवते. विलक्षण बुद्धीच्या माणसांनी बारकाईने निरीक्षण केल्यावर त्यांना जे सुचले, तेच आज पाचवी-सहावीतल्या मुलाला सुचते. म्हणून मुलाचे उत्तर 'चूक' असा शेरा मारून बाजूला सारण्याजोगे नाही. ते अनुभवातून आलेले आहे, आणि अनुभवातून आलेली कल्पना फळ्यावरच्या व्याख्येने पुसली जात नाही.

त्यात आपली भाषाही भर घालते. बोलीत 'बळ' ही जवळ असण्याची गोष्ट आहे. बैलाच्या अंगात बळ असते, पैलवानाने बळ कमावलेले असते, आजाऱ्याचे बळ गेलेले असते. विज्ञानातील 'बल' मात्र कोणाच्याही अंगात नसते. ते दोन वस्तूंमध्ये घडते, आणि ढकलण्या-ओढण्यासारखे स्पर्शाचे बल असेल तर त्या वस्तू एकमेकींपासून सुटल्या की तेही संपते. हीच गत इतर शब्दांची. 'गती' म्हणजे बोलण्यात वेगाचे प्रमाण, पुस्तकात मात्र स्थान बदलण्याची क्रिया. भाजी मंडईत वजन किलोत होते, आणि नववीच्या वर्गात तेच किलो वस्तुमानाचे एकक ठरून वजन न्यूटनमध्ये मोजावे लागते. संस्कृतोद्भव परिभाषा बोलीच्या इतकी जवळची असल्यामुळे मुलाला शब्द ओळखीचा वाटतो, आणि अर्थ बदललेला आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. इंग्रजी माध्यमातही हा घोटाळा आहेच, पण मराठीत तो अधिक बेमालूम आहे.

यावर एक साधी शिस्त उपयोगी पडते. वर्गात 'चेंडूचे बल' किंवा 'गाडीचे बल' असा प्रयोग शिक्षकाने स्वतः टाळावा. बलाविषयीचे प्रत्येक वाक्य 'कोणी, कोणावर, कोणत्या दिशेने' या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे असावे. 'हाताने चेंडूवर वरच्या दिशेने बल लावले.' हात सुटल्यावर हे वाक्य म्हणताच येत नाही, आणि अडचण मुलाच्या स्वतःच्या तोंडून उघडी पडते.

प्रयोगांची परंपरा :

साध्या साहित्यातून विज्ञान शिकविण्याचे प्रयत्न आपल्याला नवे नाहीत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम पुढे जिल्हाभर पोहोचला, आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. पुण्यातील टेल्को कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली या कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी तेथे बनविलेल्या आकृत्या पुढे देशभर पोहोचल्या. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली. ही संस्था १९८८ साली स्थापन करणारे डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, हा योगायोग येथील वाचकांना ठाऊक असेलच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम १९७४ पासून चालू आहे. खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलाचा अनुभव हाच शिक्षणाचा पाया मानला.

एवढी परंपरा असूनही बहुसंख्य शाळांत प्रयोग म्हणजे वर्षातून एकदा भरणारे विज्ञान प्रदर्शन असे समीकरण राहिले. साहित्य नाही हे कारण दिले जाते. पुढील प्रयोगांचे साहित्य पाहता ते टिकणारे नाही.

घर्षण आधी :

सहावीच्या २०१६ सालच्या पाठ्यपुस्तकात बलाच्या प्रकारांमध्ये स्नायू बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल यांच्या पंक्तीत घर्षण बल येते. गतीचा पहिला नियम त्यानंतर तीन वर्षांनी येतो. मधल्या काळात 'ढकलणे थांबले की वस्तू थांबते' हा रोजचा अनुभव पक्का होत जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या नियमाची खरी किल्ली घर्षणाच्या धड्यात आहे, आणि तो धडा यादीतील एक नाव म्हणून उरकणे परवडणारे नाही.

विजेच्या दुकानात वायरिंगसाठी मिळणारी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी घ्यावी. तिचे एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार करावा आणि ठरलेल्या खुणेवरून काचेची गोटी सोडावी. उताराच्या पायथ्याशी प्रथम वाळू पसरावी, मग गोणपाट, मग सतरंजी, मग घासून पुसलेली शहाबादी फरशी. प्रत्येक वेळी गोटी सोडण्यापूर्वी ती कोठे थांबेल तेथे मुलांनी खडूने खूण करावी. उतार तोच, उंची तीच, गोटी तीच. म्हणजे 'भरलेला जोर'ही तोच. मग गोटी वाळूत वितीभर आणि फरशीवर खोलीच्या पलीकडे का जाते? जोर आपोआप संपत असेल, तर तो सगळीकडे सारख्याच अंतरावर संपायला हवा. येथे मुले स्वतःहून म्हणू लागतात की वाळू तिला अडवते. अडविणारा बाहेर सापडला, की आत साठलेल्या जोराची गरज कमी होते.

(गोटी घरंगळते, घसरत नाही. त्यामुळे येथील अडथळा आणि खोका ओढताना जाणवणारे घर्षण हे काटेकोरपणे एकच नव्हे. सहावीत हा भेद काढू नये, नववीत अवश्य काढावा.)

यानंतर कॅरमबोर्ड. पावडर न टाकता एक सोंगटी टिचकीने सरकवावी, मग पावडर टाकून तशीच टिचकी मारावी. त्यापुढची पायरी म्हणजे जुन्या सीडीच्या मध्यावर बाटलीचे भोक पाडलेले झाकण चिकटवून त्यावर फुगविलेला फुगा बसविणे. फुग्यातील हवा सीडीखालून बाहेर पडत राहते, सीडी हवेच्या पातळ थरावर तरंगते, आणि हलक्याशा धक्क्याने गुळगुळीत टेबलावर जवळपास एकाच वेगाने सरकते. फुगा रिकामा होताच ती जागच्या जागी थांबते. येथे 'जोर संपला' असे म्हणणारे मूल क्वचितच सापडते, कारण संपलेली हवा सर्वांना दिसलेली असते.

वाळू, गोणपाट, फरशी, पावडर, हवा हा क्रम महत्त्वाचा आहे. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात उतारावरून गोळे सोडण्याच्या प्रयोगांचे वर्णन केले आहे. लाकडी तुळईत खोबण पाडून ती गुळगुळीत चर्मपत्राने मढविली होती, गोळा कांस्याचा होता आणि वेळ मोजण्यासाठी भांड्यातून गळालेले पाणी तोलले जात असे. घर्षणविरहित पृष्ठभाग त्यालाही मिळाला नव्हता. अडथळा कमी कमी होत गेला तर काय होईल, असा विचार त्याने शेवटपर्यंत नेला. पहिला नियम कोणत्याही शाळेत 'दाखविता' येत नाही, त्याच्याकडे अशा पायऱ्यांनी जावे लागते. हे मुलांना मोकळेपणाने सांगावे.

ग्रामीण विद्यार्थ्यांना या विषयाचे बरेच ज्ञान आधीच असते. आसाला वंगण नसेल तर गाडी जड जाते आणि कुरकुरते, लोखंडी धावेच्या चाकापेक्षा रबरी टायरची डनलॉप गाडी बैलांना हलकी जाते, हे शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. वर्गात त्याला बोलते करणे एवढेच शिक्षकाचे काम.

जादूचे प्रयोग :

पेल्यावर पोस्टकार्ड, त्यावर नाणे, कार्डाला टिचकी आणि नाणे पेल्यात. जडत्वाचा हा प्रयोग प्रत्येक प्रदर्शनात असतो. मुले टाळ्या वाजवितात आणि 'जडत्वामुळे' हा शब्द घेऊन घरी जातात. हा शब्द येथे बहुधा 'मंत्रामुळे' याच्याच जागी वापरलेला असतो. प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग करून घेतला तरच त्याला अर्थ येतो. तेच कार्ड हळूच ओढावे. नाणे कार्डाबरोबर बाहेर येते. नाणे तेच, त्याचे जडत्व तेच, मग फरक कशाचा?

उत्तर पुन्हा घर्षणात आहे. सरकणारे कार्ड नाण्याला आपल्याबरोबर ओढते. घर्षणांक ०.३ धरला तर हे बल नाण्याला सुमारे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच त्वरण देऊ शकते. टिचकीने कार्ड ०.०५ सेकंदात निसटले तर तेवढ्या वेळात नाणे जेमतेम ४ मिलिमीटर सरकते आणि पेल्यात पडते. कार्डाचे स्वतःचे त्वरण ३ पेक्षा कमी असेल तर नाणे त्यावरून निसटतच नाही. नववीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

असाच दुसरा प्रयोग दोन दोऱ्यांचा. अर्धा किलोचा दगड शिवणाच्या दोऱ्याने टांगावा आणि त्याच्या खाली तसाच दुसरा दोरा बांधावा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्यावर दगडाचा भार आणि आपली ओढ असे दोन्ही असतात. हिसका दिला तर खालचा तुटतो, कारण वरचा दोरा ताणला जाण्याइतका दगड हलण्यापूर्वीच खालच्याची सहनशक्ती संपते. दगडाखाली उशी ठेवावी आणि पाय दूर.

कोणताही प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज व त्याचे कारण वहीत लिहिणे आवश्यक आहे. व्हाइट आणि गन्स्टन यांनी १९९२ साली 'अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण' अशी ही पद्धत मांडली. तिचा कणा अंदाजात आहे. अंदाज लिहिलेला नसेल तर प्रयोगानंतर 'मला हेच वाटले होते' असे सगळेच म्हणतात, आणि जुनी कल्पना न दुखावता तशीच राहते. मात्र या अंदाजांना गुण देऊ नयेत. गुण आले की मुले मनातले लिहिण्याऐवजी शिक्षकाला हवे असलेले लिहितात.

तिसरा नियम आणि लाल माती :

क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, मग रस्सीखेचीत एक संघ जिंकतो कसा? हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला 'पुढे बघ' असे सांगून गप्प करण्याची प्रथा आहे. वास्तविक या नियमावरील तो सर्वांत मोलाचा प्रश्न होय.

दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून दोन मुलांनी ओढावेत. कोणीही कितीही ताकद लावली तरी दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवितात. एक काटा भिंतीच्या खुंटीला अडकविला तरीही तसेच. म्हणजे दोर दोन्ही संघांना जवळजवळ सारखाच ओढतो. मग दोर बाजूला ठेवून पायांकडे पाहावे. वर्गातील सर्वांत धिप्पाड मुलाला गुळगुळीत फरशीवर गोणपाटावर उभे करावे आणि लहानशा मुलीला अनवाणी खरबरीत जमिनीवर. मुलगी त्याला सहज ओढत नेते. ज्याचे पाय जमिनीला मागे अधिक रेटू शकतात, त्याला जमीन अधिक पुढे रेटते. तिसरा नियम दोन वस्तूंवरील दोन बलांविषयी बोलतो, हारजीत एकाच संघावरील बलांच्या बेरजेने ठरते.

कोल्हापुरात हे समजावण्यासाठी तालमीइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. हळद, ताक, लिंबू, तेल घालून मळलेली हौद्यातील लाल माती पायाला पकड देते, पैलवान गुडघ्यात वाकून गुरुत्वमध्य खाली आणतो, आणि डाव पडतो तो समोरच्याचा पाय मातीवरून सुटला की.

फुग्याचे अग्निबाण प्रत्येक शाळेत होतात, म्हणून येथे एकच सूचना. सुटलेली हवा मागच्या भिंतीला ढकलते म्हणून फुगा पुढे जातो, असे अनेक मुलांना वाटते. ती एकटी नाहीत. अवकाशाच्या पोकळीत अग्निबाण कशाला ढकलणार, असे म्हणत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९२० साली रॉबर्ट गोडार्ड यांची थट्टा केली होती. चंद्रावर निघालेले अपोलो-११ वाटेत असताना, जुलै १९६९ मध्ये, त्या वृत्तपत्राने दुरुस्ती छापली.

मोजमाप आणि रस्ता :

आठवी-नववीत निरीक्षणापाशी थांबू नये, मोजावे. मघाचीच पट्टी आणि गोटी घ्यावी. कागदी पेला उपडा ठेवून त्याच्या काठाला गोटी आत शिरेल एवढे दार कापावे आणि तो उताराच्या पायथ्याशी ठेवावा. गोटी पेल्यात शिरते आणि त्याला घेऊन सरकते. गोटी ५, १० आणि २० सेंटिमीटर उंचीवरून सोडून पेला किती सरकला ते पट्टीने मोजावे. प्रत्येक उंचीला पाच वेळा प्रयोग करून सरासरी काढावी. आकडे नेमके येणार नाहीत, पण उंची चौपट झाली की अंतरही सुमारे चौपट होते. उंची चौपट म्हणजे पायथ्याशी वेग दुप्पट. दुप्पट वेगाला थांबण्यासाठी दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते.

आपल्या जिल्ह्यात या निष्कर्षाला परीक्षेपलीकडचे महत्त्व आहे. ऊस गाळपाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्याने साखर कारखान्याकडे जातात, त्याच रस्त्याने मुले सायकलवरून शाळेत जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर चाके जाम केलेले वाहन ताशी २० किलोमीटर वेगाला सव्वादोन मीटरमध्ये, ४० ला ९ मीटरमध्ये आणि ६० ला २० मीटरमध्ये थांबते. रस्त्यावर चिखल किंवा उसाचे पाचट पडून घर्षण निम्मे झाले तर ही सर्व अंतरे दुप्पट होतात. शिवाय चालकाला धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर ४० च्या वेगाला वाहन तेवढ्यात ११ मीटर पुढे आलेले असते. दुसऱ्याने अवचित सोडलेली मोजपट्टी चिमटीत पकडण्याचा खेळ येथे घ्यावा. पट्टी २० सेंटिमीटर पडली म्हणजे ०.२ सेकंद गेले, आणि तेही पूर्ण लक्ष पट्टीवर असताना.

मग मुलांना विचारावे : भरलेले वाहन आधी थांबेल की रिकामे? दोन सारख्या काडेपेट्या घ्याव्यात, एक रिकामी, दुसरीत नाणी भरलेली. दोन्ही एकाच गुळगुळीत पुठ्ठ्याच्या उभ्या उतारावरून, एकाच उंचीवरून सोडाव्यात. भरलेली पुढे जाईल आणि भरलेली आधीच थांबेल, असे दोन तट वर्गात हमखास पडतात. प्रत्यक्षात दोन्ही साधारण एकाच जागी थांबतात, कारण भार वाढला की थांबविणारे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. यावर एखादे मूल विचारील, आणि न विचारल्यास शिक्षकाने विचारावे, की मग उसाची ट्रॉली का थांबत नाही. रिकाम्या काडेपेटीमागे सहज घरंगळणारी, नाण्यांनी लादलेली खेळण्यातली गाडी लावून दोन्ही पुन्हा त्याच उतारावरून सोडावीत. आता पेटी आपल्या पूर्वीच्या खुणेवर थांबत नाही. मागची गाडी तिला रेटत नेते, कारण घर्षण फक्त पेटीखाली आहे आणि वस्तुमान दोघांचे. ज्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, तिच्यापुढच्या ट्रॅक्टरची स्थिती अशीच असते. किती नाणी घातली की पेटी खुणेच्या किती पुढे जाते, याचा तक्ता मुलांनी स्वतः तयार करावा.